एप्टेशिया: रीफ टँकमधला लव्हाळा ओळखायचा कसा, काढायचा कसा

ज्यांच्या घरी ऊस आहे त्यांना लव्हाळा काय चीज आहे ते सांगायला नको. वरून कितीही खुरपा, जमिनीतली गाठ राहिली की आठ दिवसांत पातं पुन्हा वर. रीफ टँकमध्ये, म्हणजे प्रवाळ पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या काचेच्या पेटीत, एप्टेशिया नावाचं जे समुद्रफूल (दिसतं फूल, पण प्राणी; इंग्रजीत ॲनेमनी) न मागता येतं ते याच गोत्राचं. मी सांगलीच्या गावभागात राहतो, घरी दोनशे लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे, आणि पहिल्या वर्षी मी या पाहुण्याला खुरप्याचाच न्याय लावला. दाढीच्या ब्लेडनं तीन खरवडून काढले. महिन्याभरानं चाळिसापर्यंत मोजले आणि पुढं मोजायचं सोडून दिलं.

त्याआधी आमच्या आईनं त्यातलं पहिलं बघून "किती नाजूक उगवलंय रे, राहू दे ते" असं म्हटलं होतं, आणि मी खरंच दोन आठवडे राहू दिलं होतं. तुमच्याही दगडावर असं काही नाजूक उगवलं असेल तर पुढचं वाचा. यातलं निम्मं मी हात भाजून शिकलोय.

१. आधी हात पाण्याबाहेर ठेवा

एखाद-दुसरा एप्टेशिया दिसला म्हणून आजच्या आज टँक कोसळत नाही. फोटो काढा, जागा लक्षात ठेवा आणि दोन दिवस नुसतं बघा. खरवडू नका, चिमट्यानं ओढू नका, बोटानं चिरडू नका.

कारण असं. एप्टेशिया दगडाला तळव्यानं चिकटलेला असतो. सरकताना तो त्या तळव्याचे बारीक तुकडे मागं सोडत जातो आणि एकेका तुकड्यातून नवीन एप्टेशिया तयार होतो. वंश वाढवायची ही त्याची नेहमीची रीत. आपण ब्लेड चालवतो तेव्हा तेच काम त्याच्यासाठी दसपट वेगानं करून देतो आणि वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप) ते तुकडे टँकभर वाटतो. याशिवाय अंडी-अळ्यांचा मार्ग त्याला मोकळा आहेच. प्रवाळ आणि त्यांच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शेवाळं यांचं नातं अभ्यासायला जगभरच्या प्रयोगशाळांत हाच प्राणी मुद्दाम पाळतात, कारण तो हाल सोसतो आणि भराभर वाढतो. शास्त्रज्ञांनी ज्या गुणांसाठी त्याला निवडला तेच गुण आपल्या मुळावर येतात.

२. ओळख पटवून घ्या

नवीन माणसाच्या हातून सर्वांत जास्त नुकसान इथं होतं. एप्टेशिया समजून बिचारे नळीकिडे मारलेले आणि मजानो या दुसऱ्या उपद्रवी समुद्रफुलाला "क्लाऊन माशासाठी फुकटचा ॲनेमनी मिळाला" म्हणून लाडानं खायला घातलेले, असे दोन्ही लोक मला भेटलेत.

एप्टेशिया दिसतो छोट्या शिंदीच्या झाडासारखा. लांब बारीक खोड, वर तबकडी, तबकडीच्या मध्ये तोंड आणि कडेनं टोकदार, निमुळते हात. काही हात लांब, काही आखूड, असा भेद नीट पाहिला की दिसतो. रंग तपकिरी, काचेसारखा आरपार, कधी अंगावर पांढुरके ठिपके. अंधाऱ्या कोपऱ्यातला असेल तर जवळजवळ पांढरा. बहुतेक वेळा तो छिद्रात किंवा भेगेत पाय रोवून बसतो. ड्रॉपरनं त्याच्यावर पाण्याचा फवारा मारा. तो अख्खा आक्रसून भोकात जातो आणि काही मिनिटांनी पुन्हा बाहेर येतो. फारच छेडलं तर अंगातून पांढरे दोरे बाहेर टाकतो. त्या दोऱ्यांत डंख भरलेले असतात, उघड्या हातानं शिवू नका.

मजानो ठेंगणा आणि जाडजूड. हात आखूड, टोकाशी फुगलेले, रंग हिरवट किंवा तपकिरी, टोकं कधी गुलाबीसर. निळ्या दिव्याखाली बहुधा चकाकतो, म्हणूनच लोक फसतात. विकत मिळणाऱ्या बबल टिप ॲनेमनीचं पिल्लू आणि मजानो शेजारी ठेवले तर पटकन फरक कळत नाही. माझा ठोकताळा एवढाच: पैसे देऊन आणलेला ॲनेमनी एक असतो. आपोआप आलेले, नखाएवढे, एकाच दगडावर पाच-सहा दिसले तर ते मजानो. तोही उभा दुभंगून वाढतो, पण एप्टेशियाएवढ्या चपळाईनं आत पळत नाही. त्यामुळं मारायला तुलनेनं सोपा.

आता ज्यांना मारायचं नाही ते.

नळीकिडा, म्हणजे फेदर डस्टर. याच्या हातांना पिसासारख्या बारीक शाखा असतात आणि तो एका नळीत राहतो. काचेवर टिचकी मारली की डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच गायब होतो. एप्टेशिया कितीही घाबरला तरी इतका झटपट नाही. हा पाणी गाळून खातो, कुणाला त्रास देत नाही.

झोआ (प्रवाळासारखा, वसाहत करून राहणारा जीव) याचं नवं पिल्लू. तबकडी सपाट, हात अगदी आखूड आणि फक्त कडेला, झालरीसारखे. शेजारी त्याच रंगाची वसाहत असतेच.

बॉल ॲनेमनी. अंग पारदर्शक आणि प्रत्येक हाताच्या टोकाला पांढरा किंवा नारिंगी मणी. रात्रीच उघडतो. एखादा असला तर मी सोडून देतो, वाढले तर काढतो.

हायड्रॉइड. यांना तबकडीच नसते, नुसते बारीक ताठ केस. हेही उपद्रवी आहेत, पण त्यांचा इलाज वेगळा.

शंका असेल तर रात्री दिवे गेल्यावर तासाभरानं टॉर्च घेऊन बसा आणि पाण्यात गोठवलेल्या आर्टेमियाचे (माशांना घालायच्या बारीक कोळंबीसारख्या जिवांचे) दोन थेंब सोडा. लपलेले सगळे हात पसरून बाहेर येतात.

३. शिरगणती करा

एक साधी वही घ्या. टँकचं ओबडधोबड चित्र काढा, दगडांना नंबर द्या आणि दर रविवारी कुठल्या दगडावर किती, ते लिहा. टँकच्या मागची काच, ओव्हरफ्लोची पेटी (जिथून पाणी खाली उतरतं), सम्पचे, म्हणजे खालच्या गाळणीच्या टँकचे कप्पे, पाणी परत वर चढवणाऱ्या रिटर्न पंपाची जाळी, स्किमरचं (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राचं) बूड हेही नंबरात धरा. समोरचे दहा मारून आपण टाळ्या वाजवतो आणि सम्पमधले पंचवीस पंपावाटे पिल्लं वर पाठवत राहतात.

आकडा कळला की मार्ग ठरतो. पाचच्या आत असतील तर हातानं एकेक. पाच ते तीस असतील तर हातानं आणि एप्टेशिया खाणारी कोळंबी, दोन्ही. त्यापुढं गेले असतील तर प्राण्यांवर भिस्त ठेवायची आणि घाई सोडायची. ही माझ्या टँकपुरती मोजपट्टी आहे. तुमचा टँक मोठा असेल तर आकडे वाढवून घ्या.

४. सामान गोळा करा

• ३ किंवा ५ मिलीची सिरिंज आणि १८ गेजची सुई, गुलाबी बुडाची. इन्सुलिनच्या सुईतून दाट लेप उतरत नाही, ती लगेच तुंबते.
• इन्सुलिनची १ मिलीची सिरिंज, पातळ द्रवासाठी.
• सलाईनची नळी आणि हवेच्या पंपाची कडक प्लास्टिक नळी. खोल टँकमध्ये हात न बुडवता पोचायला.
• शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड, किंवा याच कामासाठी मिळणारं तयार औषध.
• डोळे पूर्ण झाकणारा चष्मा आणि नायट्राइलचे हातमोजे. हे वगळू नका.
• छिन्नी-हातोडी किंवा फ्रॅग (प्रवाळाचा तुकडा) कापायचा कटर.
• टँकमधल्याच पाण्यानं भरलेल्या दोन बादल्या.
• पीएच आणि अल्कलिनिटीची (पाण्याच्या आम्ल शोषायच्या क्षमतेची) टेस्ट किट, टॉर्च, मोठा ड्रॉपर.

मिरजेत दवाखाने इतके आहेत की सिरिंज आणि सलाईनची नळी मागितली तर कुणी मान वर करून बघत नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानं मात्र विचारलंच, "दादा, साखर कुणाला निघाली?" मी म्हटलं, "कुणाला नाही, टँकमधल्या फुलांना टोचायचंय." तेव्हापासून तो माझ्याकडं जरा जपून बघतो.

५. दगड बाहेर निघतो का ते बघा

निघत असेल तर निम्मं काम झालं. टँकच्या आत केलेला कुठलाही उपाय बाहेरच्या उपायाइतका पक्का होत नाही.

फ्रॅगच्या प्लगवर, म्हणजे तो चिकटवलेल्या छोट्या बैठकीवर, एप्टेशिया असेल तर मारत बसू नका. प्रवाळाचा तुकडा कटरनं प्लगवरून सोडवा, जेलवाल्या सायनोअ‍ॅक्रिलेट गोंदानं नव्या प्लगवर चिकटवा आणि जुना प्लग फेकून द्या. लाइव्ह रॉकच्या (टँकमधल्या जिवाणू वसलेल्या सच्छिद्र दगडाच्या) एखाद्या टोकाशी असेल तर ते टोकच छिन्नीनं फोडून काढा, चारी बाजूंनी बोटभर जागा सोडून. मधोमध असेल तर दगड बादलीवर धरा, एप्टेशिया आणि त्याच्या भोकावर पुढच्या पायरीत सांगितलेला चुन्याचा लेप भरा, पाच-दहा मिनिटं थांबा, पहिल्या बादलीत लेप धुऊन काढा, दुसऱ्या बादलीत पुन्हा एकदा हिसळा आणि मग टँकमध्ये ठेवा. पहिल्या बादलीचं पाणी परत टँकमध्ये जाता कामा नये.

ते पाणी बागेतही ओतू नका. जिल्ह्यात क्षारपड जमीन आधीच कमी नाही, त्यात आपल्या परसाची भर नको. फोडलेला तुकडा व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून मग कचऱ्यात टाका.

नुसतं भोक गोंदानं किंवा इपॉक्सीनं बुजवायचा सल्ला बरेच जण देतात. मी तीन भोकं बुजवली होती. दोन एप्टेशिया आठवड्याभरात शेजारच्या भोकातून डोकावले. लाइव्ह रॉक आतून जाळीदार असतो, एक दार बंद केलं तर त्याला दुसरं सापडतं.

६. चुन्याचा लेप

घरच्या घरी करायचा, स्वस्त आणि मला सर्वांत जास्त उपयोगी पडलेला उपाय हा. या छंदातले लोक त्याला कल्कवासर म्हणतात. जर्मन शब्द आहे, अर्थ चुन्याचं पाणी. पानाच्या टपरीवर डबीत असतो तो चुना आणि हे, मुळात रसायन एकच: कॅल्शियम हायड्रॉक्साइड. म्हणून लगेच टपरीवर पळू नका. खायच्या चुन्यात आणखीही काही मिसळलेलं असू शकतं आणि टँकमध्ये अशी भेसळ परवडत नाही. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात शुद्ध पावडर मिळते, ती आणा. डबा घट्ट बंद ठेवा. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून ही पावडर हळूहळू कॅल्शियम कार्बोनेट होते, म्हणजे निरुपयोगी.

डोळे सांभाळा. संपृक्त चुन्याच्या पाण्याचा पीएच १२.४ च्या आसपास असतो. चुन्याच्या पुडीशी खेळताना मुलांचे डोळे गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. सिरिंज तुंबली की आपण जोर लावतो, सुई सटकते आणि लेप उडतो. माझ्या गालावर उडाला होता, चष्मा होता म्हणून हे लिहितोय. डोळ्यात गेलाच तर किमान पंधरा-वीस मिनिटं साध्या वाहत्या पाण्यानं धुवा आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जा. लहान मुलं घरात असतील तर हे काम ती शाळेत गेल्यावर करा.

वेळ सकाळची निवडा, टँकचे दिवे लागायच्या आधीची. रात्रभर टँकमधले सगळे जीव श्वास घेत असतात, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच दिवसातला सर्वांत खाली असतो. चुना पीएच वर ढकलतो. तळातून वर ढकललं तर जागा उरते. संध्याकाळी आधीच वर गेलेला पीएच आणखी वर गेला तर मासे धापा टाकतात.

एक चमचा पावडरीत थेंब थेंब आरओचं पाणी घाला आणि ढवळत दह्याइतकं दाट करा. ताकाइतकं पातळ झालं तर ते टँकभर पसरून ढग होतो. त्यात आर्टेमिया वितळवलेल्या पाण्याचे दोन थेंब टाकले तर एप्टेशिया खाऊ समजून तोंड उघडतो. हा डाव मला उशिरा कळला.

मग सगळे पंप आणि वेव्हमेकर बंद करा आणि पाणी पूर्ण स्थिर होईपर्यंत थांबा. सुई बाजूनं हळूच न्या, वरून सावली पाडू नका. आधी तोंडावर एक छोटा गोळा सोडा, तो गिळेपर्यंत दोन सेकंद थांबा, मग तबकडी, हात, खोड आणि त्याचं भोक असं सगळं झाकून टाका. नुसते हात माखून उपयोग नाही. तळवा उरला की लव्हाळ्याची गाठ उरली.

पंधरा मिनिटं पंप बंदच ठेवा. उरलेला लेप ड्रॉपरनं ओढून बाहेर काढा, विशेषतः शेजारी झोआ किंवा मश्रूम प्रवाळ असतील तर. मग आधी वेव्हमेकर आणि थोड्या वेळानं रिटर्न पंप सुरू करा. पंप बंद असताना मोबाईल हातात घेऊ नका. मी एकदा घेतला, पंप चालू करायचं विसरलो आणि दुपारी आईचा ऑफिसात फोन आला, "तुझे मासे वर येऊन तोंडं वाजवतायत."

एका वेळी किती? दोनशे लिटरला चार, फार तर पाच. मग दोन-तीन दिवस सोडून पुढचे. दर वेळी आधी आणि नंतर पीएच मोजा, अल्कलिनिटीवरही लक्ष ठेवा. एका रविवारी उत्साहाच्या भरात मी चौदा मारले. एप्टेशिया मेले, सोबत दोन गोगलगायी आणि अर्धी झेनियाही (एक मऊ प्रवाळ) गेली.

मारलेल्या जागेवर तीन आठवडे नजर ठेवा. तिथं टाचणीच्या डोक्याएवढी पिल्लं दिसली तर घाबरू नका, ती तेव्हाच मारायला सोपी असतात.

बाजारातली तयार औषधंही याच तत्त्वावर चालतात: दाट द्रव, एप्टेशिया तो गिळतो किंवा त्याखाली गुदमरतो. महाग आहेत पण हाताळायला सोपी. बाटलीवर एका दिवसाचा जो कमाल डोस लिहिलेला असतो तो पाळा.

७. लिंबू, व्हिनेगर, उकळतं पाणी

पावडर हाताशी नसेल आणि एक-दोनच असतील तर. इन्सुलिनच्या सिरिंजनं लिंबाचा गाळलेला रस किंवा पांढरं व्हिनेगर थेट खोडात टोचायचं. सुई खोडात शिरली तरच उपयोग, आणि बहुतेकदा ती शिरायच्या आत तो पळतो. उकळत्या पाण्याचंही तेच, सिरिंजमध्ये भरून टँकपर्यंत नेईस्तोवर ते कोमट होतं. मजानोवर ही युक्ती बरी चालते.

८. खाणारे प्राणी

पेपरमिंट श्रिंप ही पहिली निवड. तीन ते पाच एकत्र आणा. पिल्लं आणि मध्यम आकाराचे एप्टेशिया त्या रात्री खातात, मोठ्यांना बहुधा शिवत नाहीत. त्यामुळं मोठे तुम्ही मारायचे आणि बारके त्यांच्यावर सोडायचे. सगळ्याच खातात असं नाही. माझ्या चारांतल्या दोघी माशांच्या खाण्यावरच पोसल्या. टँकमध्ये हॉकफिश, ट्रिगर किंवा लायनफिश असेल तर कोळंबी म्हणजे त्यांची मेजवानी.

इथला मोठा सापळा म्हणजे कॅमल श्रिंप. दुकानात दोन्ही एकाच नावानं विकल्या जातात. पेपरमिंटचं अंग आरपार दिसतं आणि त्यावर बारीक लाल रेघा असतात. कॅमलच्या पाठीला उंटासारखं कुबड असतं, डोळे मोठे, अंगावर लाल-पांढऱ्या रेघांची ठळक जाळी आणि नाकाचा काटा वरखाली हलतो. ती झोआ आणि मश्रूम खाते. फोटोशिवाय मागणी देऊ नका.

सांगलीत खाऱ्या पाण्याचे जीव सहज मिळत नाहीत. मी मुंबई-पुण्याहून मागवतो, रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं थर्माकोलच्या खोक्यात पार्सल येतं आणि पहाटे स्टॉपवर जाऊन घ्यावं लागतं. उन्हाळ्यात खोक्यात बर्फाची बाटली ठेवायला सांगा. घरी आल्यावर कोळंबीला थेंब थेंब पाणी देत निदान तासभर रुळू द्या. क्षारतेतला अचानक फरक तिला सोसत नाही.

बर्घिया ही एक छोटी कवचहीन समुद्री गोगलगाय. ती एप्टेशियाशिवाय दुसरं काहीच खात नाही, मजानोसुद्धा नाही. रात्री काम करते, गुंडाळीसारखी अंडी घालते आणि एप्टेशिया संपले की उपाशी मरते. उपाय अव्वल आहे, पण मला इकडं कधी मिळाली नाही. मिळाली तर लक्षात ठेवा, पेपरमिंट श्रिंप आणि काही रॅस मासे तिला खातात. दोन्ही उपाय एकत्र करू नका.

कॉपरबँड बटरफ्लाय दिसायला देखणा, एप्टेशिया खातोही. पण नवशिक्याच्या हातात तो उपाशी मरतो, कारण तयार खाणं घ्यायला फार कुरकुरतो. चार-पाचशे लिटरच्या खाली विचारच करू नका. फाइलफिशची एक जातही एप्टेशिया खाते, आणि एप्टेशिया संपले की त्यातले काही मासे झोआंकडं वळतात. तेवढ्यासाठी मासा पकडायला अख्खा टँक उपसावा लागतो.

९. हे कधीही करू नका

दगड उकळू नका. हे वाक्य दोनदा वाचा. झोआ आणि त्यांचे भाऊबंद पॅलिथोआ यांच्यापैकी काहींत पॅलिटॉक्सिन नावाचं अत्यंत जहाल विष असतं. ते उष्णतेनं सहज नष्ट होत नाही, उलट वाफेबरोबर खोलीभर पसरतं. दगड उकळल्यामुळं घरातली माणसं आणि कुत्री-मांजरं आजारी पडून दवाखान्यात गेल्याचे प्रकार परदेशात घडलेत. हे विष १९७१ साली हवाईतल्या पॅलिथोआपासून वेगळं काढलं गेलं. तिथले जुने लोक भाल्याच्या टोकाला ते लावत असत. झोआ असलेला दगड ब्रशनं घासायचा झाला तरी हातमोजे आणि चष्मा घाला, आणि तो पाण्याखालीच घासा.

तांब्याचं औषध टँकमध्ये टाकू नका. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर ते चालतं, म्हणून कुणीतरी सुचवतं. एप्टेशियाच्या आधी कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ मरतील आणि दगडात मुरलेलं तांबं पुढं कितीतरी दिवस त्रास देत राहील.

दिवे बंद ठेवून तो मरेल अशी आशा धरू नका. त्याच्या पेशींतली शेवाळं प्रकाशावर जगतात हे खरं, पण ती गेली तरी तो पांढरा पडून, पाण्यातलं मिळेल ते खाऊन तग धरतो. अंधारात मरतात ते आपले प्रवाळ. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा आम्ही विश्रामबागला मावशीकडं होतो. टँक वरच्या मजल्यावर, त्यामुळं काच वाचली, पण आठवडाभर वीज नव्हती. परत आलो तेव्हा जिन्यातच वास आला. क्लाऊनची जोडी, लेदर आणि मश्रूम प्रवाळ, सगळं गेलं होतं. टॉर्च मारला तर ओव्हरफ्लोच्या कोपऱ्यात दोन एप्टेशिया, जरा फिकट, हात पसरून उभे.

ते दगड मी गच्चीवर टाकले आणि पुढच्या मे महिन्यापर्यंत तिथंच राहू दिले. सांगलीच्या उन्हात एप्टेशिया टिकत नाही. पूर्ण हरलेल्या टँकसाठी हा शेवटचा आणि खात्रीचा उपाय. पण त्यात दगडातले चांगले जिवाणूही मरतात आणि मेलेल्या जिवांमुळं अमोनिया चढतो. तेव्हा असे दगड पुन्हा पाण्यात घातले की टँक नव्यानं सायकल करायचा, म्हणजे चांगले जिवाणू पुन्हा वाढू द्यायचे. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत मासा टाकायचा नाही.

१०. पंगत आवरा

आपण माशांना घालतो त्यातलं उरलंसुरलं एप्टेशियाच्या तोंडात पडतं. गोठवलेलं खाणं आधी चहाच्या गाळणीत आरओच्या पाण्यानं धुवा, दोन मिनिटांत संपेल तेवढंच टाका, आणि प्रवाळांसाठी म्हणून जे द्रवखाद्य ओततो ते मोहीम चालू असेपर्यंत बंद ठेवा. उपाशी एप्टेशिया मरत नाही, पण आक्रसतो आणि वाढीचा वेग मंदावतो. पेपरमिंट श्रिंपलाही मग त्याच्याकडं वळावंसं वाटतं.

११. दारातच अडवा

दुसऱ्या वेळी माझ्याकडं एप्टेशिया आला तो एका सुंदर झोआच्या प्लगखालून. वरून सगळं स्वच्छ होतं, मी उलटून बघितलंच नाही.

आता नियम केलाय. नवीन फ्रॅग आला की प्लग काढून टाकायचा. मग वीस लिटरच्या वेगळ्या टँकमध्ये, छोटा पंप, हीटर आणि साधा दिवा लावून चार आठवडे ठेवायचा. प्रवाळ बुडवायची औषधं किडे-चपटकृमी पाडतात, एप्टेशियाला बहुतेकदा काही होत नाही, तेव्हा औषधात बुडवला म्हणजे सुटलो असं समजू नका. दर दोन-तीन दिवसांनी रात्री टॉर्च मारायचा, आर्टेमियाचा थेंब टाकायचा आणि बघायचं. मित्राकडून फुकट मिळालेल्या दगडाला दुप्पट संशयानं बघायचं.

मालवण-रत्नागिरीला गेल्यावर किनाऱ्यावरून "एखादा छान दगड" उचलून आणायचा मोहही आवरा. कडक प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षण आहे आणि मालवणचा समुद्र तर १९८७ पासून अभयारण्य आहे. गुन्हाही होतो आणि दगडासोबत काय येईल याचा नेम नाही. प्रवाळ विकत घेताना त्याची कागदपत्रं विचारा. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर तिथून उठा.

माझ्या वहीत या रविवारचा आकडा दोन आहे. दोन्ही ओव्हरफ्लोच्या फटीत, जिथं सिरिंज पोचत नाही आणि कोळंबी जात नाही. कडक नळी गरम पाण्यात धरून जरा वाकवावी लागणार.